विस्तवाची वाटणी

नवीन घराच्या ओट्याचं काम निघालं किंवा सिलिंडर महागला की एक प्रश्न हमखास पुढे येतो: गॅसच ठेवायचा की इंडक्शन घ्यायचं? चर्चाही ठरलेल्या वाटेने जाते. एक बाजू सांगते की वीज स्वस्त पडते, स्वच्छ असते, आता तिचाच काळ आहे. दुसरी सांगते की गॅसवरची चव विजेला नाही. दोघांचं गृहीतक मात्र एकच असतं, की एका घराला एकच विस्तव हवा आणि बदलायचा तर अख्खा बदलायचा. मला हे गृहीतकच उथळ वाटतं.

माझं म्हणणं असं आहे. कोणतं यंत्र चांगलं, असं विचारून उत्तर मिळणार नाही. कोणतं काम कोणत्या विस्तवावर करायचं, हे विचारावं लागेल. ही वाटणी ठरवताना पैसा, पर्यावरण आणि चव हे तीन नेहमीचे निकष पुरे पडत नाहीत. निर्णायक निकष दोन आहेत: ओट्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाचा श्वास, आणि पुरवठा तुटला तर घर कशावर तगणार. आधी ते तीन निकष कुठे तोकडे पडतात ते पाहू.

१. पैशाचा हिशेब सरासरीने होत नाही

१४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधली उष्णता विजेच्या मापात मांडली तर सुमारे १८० युनिट भरते. गॅसच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती प्रयोगशाळेत, ठरावीक भांड्यावर मोजलेली. घरात ज्वाळा पातेल्याच्या कडेने वर जातात, झाकण ठेवायचं राहून जातं, बर्नरची भोकं बुजलेली असतात. ६० टक्के धरले तरी ते उदारपणाचं होईल. म्हणजे अन्नापर्यंत पोचते साधारण १०८ युनिटांची उष्णता. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळ स्वतःच तापतो, त्यामुळे ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी येते. एका सिलिंडरचं काम करायला अशा रीतीने सुमारे १२७ युनिट वीज लागते.

आता दर लावू. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह युनिटमागे सहा रुपयांच्या किंचित खाली पडत होते. १०१ ते ३०० च्या टप्प्यात तोच आकडा साडेअकरा रुपयांच्या जवळ जात होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी १२७ युनिटांचे पहिल्या टप्प्यात साधारण ८६५ रुपये होतात आणि दुसऱ्या टप्प्यात जवळपास १,७००. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत विनाअनुदान सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या जरा वर होता.

म्हणजे तीच वरणाची डाळ, तेच यंत्र. एका घरात ते गॅसच्या बरोबरीने पडतं आणि दुसऱ्या घरात दुप्पट महाग. फरक शेगडीत नाही, त्या घरात आधीपासून किती वीज जळते यात आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर असलेलं शहरी मध्यमवर्गीय घर स्वयंपाकाला हात लावण्याआधीच १०० युनिट ओलांडून गेलेलं असतं. त्याच्या स्वयंपाकाचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडतं. मे महिन्यात एसी चालू असेल तर आणखी वरच्या. महिन्याचं बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढून जो हिशेब केला जातो, तो इथेच फसतो, कारण वाढीव युनिटाला सरासरी दर लागतच नाही. उलट ज्यांच्या छपरावर सौर पॅनल आहेत आणि नेट मीटरिंग आहे त्यांचं गणित पार बदलतं. पण बहुमजली सोसायटीत दोन खोल्यांत राहणाऱ्याच्या वाट्याला छप्पर येतं कुठे?

तेव्हा पैशाचा निकष खोटा नाही. तो घरागणिक उलटा फिरतो, म्हणून त्यातून सगळ्यांना लागू होणारा सल्ला निघत नाही.

२. धूर नाहीसा होत नाही, चंद्रपूरला जातो

विजेला स्वच्छ म्हणणाऱ्यांनी तार कुठून येते तेही पाहावं. भारतातली वीज अजून सुमारे ७० टक्के कोळशावर तयार होते. ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १२७ युनिटांचा होतो ८९ किलो, आणि वाटेतली वहनाची गळती वेगळीच. एक सिलिंडर पुरता जळला तर सुमारे ४२ किलो. गॅस काढण्यात, आणण्यात होणारं उत्सर्जन त्यात मिळवलं तरी आजच्या घडीला इंडक्शनवर स्वयंपाक करणारं घर पृथ्वीचं भलं करत आहे, असं म्हणता येत नाही.

मला त्याहून जास्त टोचते ती गोष्ट जवळची आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याची वीज राज्यभर जाते, राख चंद्रपुरात राहते. कोराडी, खापरखेड्याच्या आसपासच्या गावांनीही ही राख शेतात आणि पाण्यात पाहिली आहे. पुण्याच्या चकचकीत ओट्यावरून धूर गेला म्हणून तो संपला असं मानणं विदर्भातल्या माणसाला मोजणीतून वगळणं आहे, आणि ते वगळणं मला मान्य नाही.

अर्थात ग्रिड बदलतं आहे. दुपारी सौर वीज मुबलक होते, आणि आज घेतलेली शेगडी आठ-दहा वर्षं चालेल तेव्हा त्या युनिटामागचा कोळसा कमी झालेला असेल. पण आपल्या स्वयंपाकाच्या वेळा सकाळी सहा ते आठ आणि रात्री सात ते नऊ, म्हणजे सूर्य पुरता वर आलेला नसताना किंवा मावळल्यावर. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. शाळेचा आणि ऑफिसचा डबा त्याआधीच बांधून झालेला असतो. सवलत ज्याने आखली त्याने डब्याची वेळ विचारात घेतलेली दिसत नाही.

३. चवीचा युक्तिवाद कशाकशाला लागू पडतो

गॅसच्या बाजूने हा सगळ्यात आवेशाने केला जाणारा युक्तिवाद, म्हणून त्याचे पदर सुटे करून पाहिले पाहिजेत. ज्वाळेशिवाय खरोखर अडतं ते कुठे? भरताचं वांगं, फुलका, पापड, मक्याचं कणीस. भाकरी तव्यावर पाणी लावून भाजली आणि उलटून कपड्याने दाबली तरी फुगते, पण विस्तवावर शेकलेल्या भाकरीचा पापुद्रा वेगळा, हे मान्यच. घडीच्या पोळीचं तसं नाही. तिला पदर सुटतात ते तेल आणि घडीमुळे, आणि ती पूर्णपणे तव्यावर होते. सपाट तळाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा असेल तर इंडक्शनवर तिचं काही बिघडत नाही.

डाळ, भात, भाजी, आमटी, उसळ, चहा, दूध, बटाटे उकडणं, अंघोळीचं पाणी तापवणं ही बहुतेक घरांत रोजच्या इंधनाची मोठी गिऱ्हाइकं. यांत पाणी उकळतं किंवा वाफ कोंडली जाते. पाणी उकळू लागलं की ज्वाळा कितीही मोठी केली तरी ते उकळीच्या तापमानापलीकडे जात नाही, आणि कुकरमधल्या डाळीला बाहेर ज्वाळा आहे की तार, हे कळण्याचा मार्ग नाही. चवीचा प्रश्न खरा आहे. पण तो स्वयंपाकाच्या एका छोट्या भागाचा आहे आणि त्या भागाच्या नावाने उरलेल्या सगळ्या कामाला ज्वाळेशी बांधून ठेवलं जातं.

इंडक्शनबद्दलच्या काही तक्रारी मात्र अगदी रास्त आहेत आणि विक्रेते त्या सांगत नाहीत. फोडणीचं कढलं इतकं लहान असतं की शेगडी त्याचं भांडं म्हणून अस्तित्वच धरत नाही. तांब्या-पितळेची, ॲल्युमिनियमची आणि मातीची भांडी तिच्यावर तापत नाहीत. स्वस्त शेगडीतली कॉइल लहान असते, त्यामुळे मोठ्या तव्याचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. मंद आचेवर ठेवली की ती संथ तापत राहण्याऐवजी मध्येच बंद होते आणि पुन्हा पूर्ण जोराने सुरू होते. पुरण आटवताना, बासुंदी ढवळताना ते तळाशी लागतं ते यामुळे. यातले शेवटचे दोन दोष हलक्या यंत्रांचे आहेत, तंत्राचे नव्हेत. पण घरात येतं ते बहुधा हलकंच यंत्र, म्हणून ते बोलून दाखवणं भाग आहे.

४. ओट्यासमोरचा माणूस

आता पहिला खरा निकष. चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसं जातात, ही गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या कागदावर यायला फार वेळ लागला. कर्क स्मिथ हे संशोधक १९८० च्या दशकापासून २०२० मधल्या निधनापर्यंत भारतातल्या आणि इतर देशांतल्या स्वयंपाकघरांतला हा धूर मोजत राहिले. गॅस आला आणि ती कहाणी संपली, असं आपण समजून बसलो. चुलीशी तुलना केली तर गॅस म्हणजे फार मोठी सुटका, यात शंकाच नाही. पण गॅस कितीही शुद्ध असला तरी त्याच्या ज्वाळेच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमवरून थेट १० वर आणली. दमा असलेल्या मुलाच्या घरात, खिडकी बंद करून दोन्ही बर्नर तासभर चालवणाऱ्या स्वयंपाकघरात, हा आकडा दूरचा राहत नाही.

चिमणी लावली की झालं, असं म्हणण्याआधी ती हवा कुठे सोडते ते बघा. नळी बाहेर काढलेली नसेल तर ती तेलकटपणा गाळून तीच हवा खोलीत परत देते. फोडणीचा आणि तळणाचा धूर इंडक्शनवरही होतोच, म्हणून बाहेर हवा फेकणारा पंखा दोन्हीकडे हवा. पण ज्वाळेचा वायू विजेच्या शेगडीपाशी नसतो.

वायूइतकाच उष्मा. गॅसची जी चाळीस टक्के उष्णता अन्नापर्यंत पोचत नाही ती खोलीत येते आणि समोर उभ्या असलेल्या अंगावर पडते. नागपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ज्वाळा फडफडते म्हणून त्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो. घरातली सगळी पंख्याखाली असतात आणि एकच माणूस मुद्दाम पंखा बंद करून उभा असतो, बहुतेक वेळा बाईच. इंडक्शन असेल तर पंखा चालू ठेवता येतो. खरेदीच्या चर्चेत हा मुद्दा मी क्वचितच ऐकतो, आणि त्याचं कारण सरळ आहे: यंत्र निवडणारा आणि त्यासमोर उभा राहणारा माणूस अनेक घरांत एकच नसतो.

पोळ्या करायला चार-पाच घरं फिरणाऱ्या मावशींचं तर कोणीच विचारत नाही. प्रत्येक घरातला तासभराचा विस्तव तिच्या वाट्याला एकामागून एक येतो. आपल्या घरी खिडकी उघडी आहे, टेबलफॅन तिच्या पाठीशी आहे, शेगडीवरची बटणं तिला वाचता येतात, एवढं पाहण्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची आहे.

५. साठा आणि तार

दुसरा निकष पुरवठ्याचा. कोपऱ्यातल्या सिलिंडरमध्ये १८० युनिटांइतकी ऊर्जा भरून ठेवलेली असते. रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या साधारण ३० ते ५० युनिटांच्या. म्हणजे चार-पाच मोटारींचा साठा ओट्याखाली. ही लहान गोष्ट नव्हे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुडकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, लोकल थांबल्या. ज्या घरात फक्त तार आहे त्या घरात अशा दिवशी दूधही तापत नाही.

पण साठ्याचीही एक तार असते, ती फक्त दिसत नाही. भारताला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथे युद्धाची ठिणगी पडली तर तिचा चटका मिरजेच्या किंवा मालेगावच्या गॅस एजन्सीसमोरच्या रांगेत बसतो. पाइपचा गॅस हा तर साठाही नाही. सोय मोठी असली तरी तो तारेसारखाच वाहता पुरवठा.

दोन पुरवठे आहेत, दोन्ही तुटतात, पण वेगवेगळ्या कारणांनी आणि सहसा वेगवेगळ्या वेळी. यातून निष्कर्ष एकच निघतो: एकावर सगळं घर टांगू नये.

६. वाटणी कशी

एका ओट्यावर एकच इंधन ही सवय गॅसने लावली, आणि ती फार जुनी नाही. आधीच्या घरांत चुलीच्या तोंडावर भाकरी व्हायची, तिच्याच उरलेल्या आचेवर, वैलावर, आमटी शिजत राहायची. अंघोळीच्या पाण्याला बंब वेगळा, कोळशाची शेगडी वेगळी, पुढे चहाला रॉकेलचा स्टोव्ह आला. त्या धुराचं मला कौतुक करायचं नाही. पण कामाच्या स्वभावानुसार विस्तव वाटून देण्याची समज त्या घरांत होती.

आज ती वाटणी अशी होऊ शकते. जे पाण्यात शिजतं आणि जे कोंडलेल्या वाफेत शिजतं ते विजेकडे: कुकर, दूध, चहा, उकड, पातळ भाज्या. घडीच्या पोळ्या, चांगला तवा आणि मोठी कॉइल असेल तर. जे विस्तवाला थेट भिडतं ते गॅसकडे: भरीत, फुलके, भाकरीची शेक, लहान कढल्यातली फोडणी आणि सणावारी मोठ्या पातेल्यातला स्वयंपाक. दुसऱ्या दर-टप्प्यातल्या घराने सगळी उकड विजेवर नेली तर खर्च वाढेल, म्हणून त्याने निवड करावी. उन्हाळ्यात आणि घरात दमेकरी असेल तर विजेवर जास्त, एरवी कमी. श्वासासाठी महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त मोजणं, परवडणाऱ्या घराला, उधळपट्टी वाटू नये.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत मात्र मी निःसंदिग्धपणे विजेच्या बाजूने आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि वयाबरोबर नाक मंदावतं. विसरलेली इंडक्शन शेगडी भांडं उचलताच किंवा वेळ संपताच आपोआप बंद होते. मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील सांगली-साताऱ्याला असतील, तर महागड्या भेटवस्तूंआधी गोल फिरवायची खुंटी असलेली शेगडी, तिच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग करून द्यावं. दोन हजार वॉटच्या शेगडीला जवळपास नऊ अँपिअर लागतात. ते सहा अँपिअरच्या प्लगवर, एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून चालवणं म्हणजे एक धोका घालवून दुसरा आणणं.

७. काही आक्षेप

"दोन-दोन यंत्रं कशाला, ओट्यावर जागा कुठे?" जागेची अडचण खरी आहे. पण मिक्सर, ओव्हन, टोस्टर, एअर फ्रायर यांना जागा मिळाली तेव्हा हा आक्षेप इतक्या जोराने आला नव्हता. चार बर्नरची काचेची शेगडी घेण्याऐवजी दोन बर्नरची घेतली तर उरलेल्या जागेत इंडक्शन बसतं.

"इंडक्शनच्या लहरींनी अपाय होतो." त्यातलं चुंबकीय क्षेत्र किरणोत्सारी नसतं आणि काही सेंटिमीटरवर झपाट्याने विरळ होतं. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं आणि शेगडीवर वाकून काम करू नये.

"हे सगळं घराघराने ठरवायचं, सरकारचा काय संबंध?" संबंध मोठा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी गॅसऐवजी विजेच्या स्वयंपाकाला अनुदान द्यावं असं सुचवलं होतं. सूचना विचार करण्यासारखी, पण शेगडी स्वस्त देऊन १०१ वं युनिट दुप्पट दराने विकलं तर ती शेगडी माळ्यावर जाते. टप्प्यांची रचना गरिबाला सवलत मिळावी म्हणून झाली आणि ती सवलत राहायलाच हवी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे मागणी करायची तर ती ही, की सकाळच्या डब्याच्या वेळेतल्या ठरावीक युनिटांना वरचा टप्पा लागू नये.

८. पहिला हक्क कोणाचा

इंडक्शनच्या जाहिराती टॉवरमधल्या संगमरवरी ओट्यासाठी असतात. दरांचं गणित उलटं सांगतं. महिन्याला ४०-५० युनिट जाळणाऱ्या घरापाशी स्वस्त टप्प्यातली ५०-६० युनिटं शिल्लक असतात, जवळपास अर्ध्या सिलिंडरच्या कामाची. आणि नेमकी हीच घरं अजून चूल पेटवतात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोचवला, पण २०१९-२० मध्ये त्या घरांचा सरासरी वापर वर्षाला तीन सिलिंडरांच्या आसपासच होता. तीन सिलिंडरांत वर्षाचा स्वयंपाक होत नाही. उरलेला चुलीवर होतो. आज सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, तरी आधी पूर्ण रक्कम हातावर ठेवावी लागते, आणि मजुरीच्या आठवड्यात ती साठत नाही.

या घरात विजेच्या शेगडीने गॅसची जागा घ्यायची नाही, चुलीची घ्यायची आहे. सकाळचा चहा, लेकरांचं दूध, डाळ, बाळंतिणीचं पाणी एवढंच तारेवर गेलं तरी दिवसातला एक धूर कमी होतो आणि सिलिंडर भाकरीसाठी जास्त दिवस पुरतो. त्यासाठी गावठाणाच्या फीडरवर सकाळी-संध्याकाळी पुरेसा दाब हवा, घरातली वायर दोन हजार वॉट पेलणारी हवी, आणि शेगडीसोबत तिच्यावर चालणारी दोन भांडी आणि कुकर दिला पाहिजे, कारण त्या घरातली भांडी ॲल्युमिनियमची आहेत. हे तीन खर्च योजनेत धरले नाहीत तर नुसती शेगडी वाटून ती चूल विझणार नाही.